अप्पा, केबल वाढवा

आमच्या वालूरात टीव्ही बघायचे तीन रस्ते आहेत. एक केबल, दुसरी गच्चीवरची छत्री आणि तिसरा इंटरनेटचा डबा. यातला सगळ्यात स्वस्त कोणता, हे ठरवायला मी एका दुपारी बसलो आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

मी दिनकरराव. सेलूच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून गावात गुरुजी म्हणतात. पण माझी खरी ओळख थापाड्या. आमच्या बारवेत मी मगर पाहिलेली आहे. आमच्या जुन्या छत्रीत एकदा वानर बसलं आणि सौभाग्यवतींना, म्हणजे प्रमोदिनीला, अर्धा तास जपानी बातम्या दिसल्या, हेही मीच सांगितलेलं. लोक हसतात, चहा पाजतात, आणि एक अक्षर खरं मानत नाहीत. माझीही काही तक्रार नाही. उभ्या जन्मात माझी एकच थाप गावानं खरी मानली.

केबल वीरुपाक्ष अप्पांची होती. गौरी केबल. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं, अशी ती मूर्ती वीस वर्षं गावभर फिरली. त्यांच्या घरातल्या एका खोलीत मशीन होतं आणि त्यावरून गावाचं एक चॅनल चालायचं. चित्र कसलंही असो, खाली पट्टी सरकायची. आजचे वाढदिवस. हरवले, सापडले. निधन. खुलासा. आणि ती पट्टी अप्पा स्वतः वाचायचे. घोगरा आवाज. प्रत्येक नावाआधी एकदा खाकरायचे.

गेल्या वर्षी माझा एकाहत्तरावा वाढदिवस. सकाळी टीव्ही लावला, तर माझा फोटो काळ्या चौकटीत, हारासकट, आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. बोरीहून प्रमोदिनीच्या माहेरची माणसं फोनवर रडायला लागली. शेजारचे दोघं डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात हजर. अप्पा धावत आले आणि माझे दोन्ही हात धरले.

"गुरुजी, लय मोठी चुकी झाली. पर अशी खबर उठली की आयुष्य वाढतं म्हणतेत."

मी हसलो. अख्ख्या गावाला हसवणाऱ्या माणसाला हसावंच लागतं. पण आठवडाभर हॉटेलात जो तो मला चिमटा काढून बघत होता. तो राग पोटात राहिला आणि लोणच्यासारखा मुरला.

पुढे पुण्याहून मुकुलचा, आमच्या मुलाचा, फोन आला. "बाबा, केबलला साडेतीनशे मोजता. छत्री थोडी स्वस्त, पण ढग आले की बंद. इंटरनेट घ्या. माझ्याच ॲपचा पासवर्ड देतो, सगळं त्यात येतं." सेलूचा इंटरनेटवाला येऊन बघून गेला. म्हणाला, गल्लीत दहा घरं झाली तर लाइन टाकतो. माझं धरून एकच घर होतं. बाकी नऊ अप्पांना सोडायला तयार नाहीत. त्यांची बारशी, त्यांची मयतं, सगळं त्या पट्टीवर झालेलं.

त्याच आठवड्यात आमच्या मागच्या रंगनाथची म्हैस मेली. कोवळी ज्वारी खाऊन पोट फुगलं, असं जनावरांच्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं. मी हॉटेलात बसलो होतो. म्हणालो, "ज्वारीनं कुठं मरते म्हैस? अप्पांची वायर गोठ्यावरून गेलीय. तिच्यात करंट उतरलाय. म्हशीनं मान वर केली, शिंग टेकलं, निळी ठिणगी उडाली. संपलं."

आणि मी सवयीनं थांबलो. हसू यायची जागा होती ती.

कुणी हसलं नाही.

तेव्हाच म्हणता आलं असतं, अरे थाप आहे. माझ्या हातात चहा होता. मी तो प्यालो.

दहा दिवसांत आमची गल्ली फुटली. दोन महिन्यांत गाव.

माझी जोडणी काढायला अप्पा स्वतः आले. दुपारची वेळ होती. मी खुर्चीतूनच म्हणालो, "या अप्पा. कट करून टाका."

त्यांचा चेहरा कुणी चापट मारल्यासारखा झाला. "कट म्हणू नका, गुरुजी. आपण दिवा विझवला म्हणतो का? दुकान बंद केलं म्हणतो का? वाढवलं म्हणतो. बाईमाणसाची बांगडी फुटली तरी वाढली म्हणतो. वीस वर्स चाललेली चीज हाय. वाढवा म्हणा."

मला गंमत वाटली. "बरं बुवा. अप्पा, केबल वाढवा."

"मनापासून म्हणायलाव?"

"अगदी मनापासून."

त्यांनी पक्कड काढली आणि खिडकीबाहेर वायर तोडली. वीतभर टोक भिंतीच्या खिळ्याला तसंच लोंबत राहिलं. जाताना उंबऱ्यात थांबले. "म्हशीचं ते पैलांदी कोण बोललं, गुरुजी?"

"लोक बोलतात, अप्पा."

"लोकं न्हाई बोलत. लोकं ऐकतेत," असं म्हणून ते गेले.

आठ दिवसांनी अप्पा रंगनाथच्या गोठ्यावर चढून आपली वायर उतरवत होते. ओढताना ती उसळली आणि वरच्या विजेच्या तारेवर पडली. रंगनाथ खाली उभा होता. त्यानं सांगितलं, निळी ठिणगी उडाली.

सगळं गाव म्हणालं, गुरुजी बोलले होते ते खरं निघालं. त्या दिवसापासून हॉटेलात लोक मला बसायला जागा करून द्यायला लागले. गौराबाईंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, मशीन भंगारात घातलं आणि त्या खोलीत कडबा भरला. ते मी स्वतः पाहिलं. हे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम आहे.

वैशाख लागला. आमच्याकडे इंटरनेट येऊन महिना झाला होता. दुपारी तीनचा सुमार, कूलर चालू, वाळ्याचा ओला वास. प्रमोदिनी मालिका बघत होती. पडद्याच्या खालच्या कडेला एक पिवळी पट्टी उजवीकडून आत आली.

गौरी केबल, वालूर. आजचे वाढदिवस.

पुढे नाव नव्हतं. पट्टी रिकामीच सरकत राहिली.

"ही पट्टी कुठून आली?" मी विचारलं.

"कुठली पट्टी?" प्रमोदिनी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "खोकला झालाय का तुम्हाला? आत्ता खाकरलात ते."

मी खाकरलो नव्हतो.

मुकुलला फोन केला. तो हसला. "बाबा, ही चांगलीय. वानरापेक्षा चांगलीय."

खिडकी लावायला उठलो, तर बाहेर वीतभर लोंबणारं ते काळं टोक खिडकीच्या गजातून आत आलेलं. मी भूगोलाचा माणूस. शाळेतली लाकडी फूटपट्टी काढली. खिळ्यापासून टोकापर्यंत दीड फूट. दुसऱ्या दिवशी तीन. कुणी ओढली म्हणावं, तर मागे ती कशाला जोडलेलीच नव्हती. खिळ्याच्या पलीकडे नुसती भिंत.

मी पक्कड घेऊन ती तोडली. आतली तांब्याची तार दुपारच्या पत्र्यासारखी गरम होती. तोडलेला तुकडा उकिरड्यावर टाकून आलो. दुसऱ्या दिवशी ती सहा फूट होती आणि टीव्हीकडे जात नव्हती. माझ्या खुर्चीकडे येत होती.

खुर्ची हलवली. वायर वळली.

प्रमोदिनीला फरशीवर वायर दिसत होती. "इंटरनेटवाल्यानं काय पसारा करून ठेवलाय," म्हणून ती रोज त्याखालून झाडून घ्यायची. आम्ही दोन दिवस बोरीला तिच्या माहेरी जाऊन राहिलो. त्यांच्या घरात केबल कधीच नव्हती. पहिल्या दिवशी सकाळी मी खिडकीत गेलो, तर बाहेरच्या खिळ्याला वीतभर काळं टोक लोंबत होतं.

परत आलो त्या दुपारी पट्टीवर मजकूर आला. आवाजही आला. आधी खाकरणं, मग घोगरे, सावकाश शब्द.

खुलासा. रंगनाथ यांच्या म्हशीबाबत ज्यांनी बातमी दिली, त्यांनी ती ज्यांना दिली त्यांना खरं पटवून द्यावं. तोपर्यंत सेवा वाढवण्यात येत आहे.

मी चप्पल घातली आणि हॉटेलात गेलो. भरलेलं होतं. उभा राहूनच म्हणालो, "ऐका. म्हशीचं मी सांगितलं ते खोटं होतं. वायरीत करंट नव्हता. इंटरनेटला घरं कमी पडत होती आणि माझा अप्पांवर राग होता, म्हणून मी थाप मारली. अप्पा माझ्यामुळं गेले."

मग कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळं हॉटेल हसायला लागलं.

"वा गुरुजी! चेहरा काय केलाव!"

"आरं, गुरुजींना च्या सांग."

मी रंगनाथचा दंड धरला. "तुला तर ठाऊक आहे. डॉक्टरनं तुझ्यासमोर सांगितलं. ज्वारी खाऊन मेली."

रंगनाथ हसत नव्हता. मला वाईट वाटू नये अशा बेतानं तो हळूच म्हणाला, "गुरुजी, मस्करी कुठं करावी याला बी काही हाय का न्हाई? तुमी नव्हता तिथं. मी व्हतो. म्हशीनं मान वर केली, शिंग टेकलं. ह्या डोळ्यांनी ठिणगी पाहिली मी. निळी."

माझेच शब्द. त्याच क्रमानं.

मी देवाची शपथ घेतली. ते आणखी हसले. माझी शपथ सत्तावीस वर्षांपूर्वी बारवेतल्या मगरीच्या वेळीच खर्च झालेली होती.

मग गौराबाईंकडे गेलो. त्या ओसरीवर बसून तुरीची डाळ पाखडत होत्या. मी सगळं सांगितलं. सूप थांबलं नाही.

"मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "त्या दिसापासून म्हाईत हाय. आमचे मालक तुमच्या दारातून आले ते जेवलेच न्हाईत."

"तुम्ही चला माझ्याबरोबर. तुम्ही सांगितलंत तर लोक मानतील."

"मी?" त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. डोळे कोरडे होते. "तवा मी दारोदार जाऊन सांगत व्हते गुरुजी, वायरीत काई न्हाई, हात लावून दावते. हात लावला बी. कोन मानलं? तुमचं मानलं. आता बी तुमचंच मानू द्या."

"अहो, ती वायर थांबत नाहीये."

"कशी थांबंल? वाढवा म्हनलाव न्हवं तुमी?" आणि त्यांनी सुपातले खडे वेचायला सुरुवात केली. "मनापासून."

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत छतापर्यंत कडबा. त्या कडब्यातून, खोल कुठून तरी, मशीन चालू असल्यासारखी बारीक घरघर येत होती. मी गौराबाईंकडे पाहिलं. त्या पाखडत होत्या.

हे मी आज लिहितोय. वहीत लिहितोय, म्हणजे निदान हसण्याचा आवाज येत नाही. दुपारचे तीन वाजायला आलेत. आज माझा बहात्तरावा वाढदिवस. सकाळी मुकुलचा फोन येऊन गेला. प्रमोदिनी आत पुरणाला लागलीय.

वायर खुर्चीच्या पायाला एक वेढा घालून वर आलीय. हात सोडून बसलो तर बोटाला लागेल. मी हात मांडीवर घेऊन बसलोय.

टीव्ही मी लावलेला नाही. तो आत्ता लागला.

पिवळी पट्टी. गौरी केबल, वालूर. आजचे वाढदिवस.

वर माझा फोटो. गेल्या वर्षीचाच, काळ्या चौकटीत. हार मात्र ताजा दिसतोय.

मी मोठ्यानं ओरडलो, "अप्पा, बास करा! कट करा!"

खाकरणं आलं. अगदी जवळून, खुर्चीच्या पाठीमागून यावं तसं.

"कट म्हणू नये, गुरुजी."

मी मागे बघितलेलं नाही. लिहितोय.

स्वयंपाकघरातून प्रमोदिनीनं हाक मारली. "अहो, ऐकलंत का? बांगडी वाढली बघा. काही लागलं नाही, आपटलं नाही. आपोआपच."

फरशीवर काहीतरी बारीक किणकिणलं.

मग तिचाच आवाज, जरा हळू.

"अगंबाई. दुसरीपण."