चाळीस दिवसांचा ठाव

तुषार बोरस्तेला मुलगी झाली, त्याच वैशाखात निफाडच्या त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ठावचूर्ण फवारलं गेलं. तोवर गावातल्या बहुतेक घरांनी आवराआवर सोडून दिली होती. टेबलावर राहिलेला चष्मा पाव तासाने आपणच सरपटत खणात जाई. चपला भिंतीच्या कडेने जोडीने चालत मांडणीत बसत. पाहुण्यांनाही आता त्याचं नवल वाटत नसे.

चूर्ण घ्यायचा हट्ट आबांचा, म्हणजे तुषारच्या वडिलांचा. ते छत्तीस वर्षं साखर कारखान्यात स्टोअरकीपर होते. दिवे गेले तरी हात घालून नेमका पाऊण इंची नट काढून देत. तुषारचा ओला टॉवेल खुर्चीवर दिसला की म्हणत, "आमच्या स्टोअरात असतास तर पहिल्याच दिवशी गेटपास हातात दिला असता."

या चूर्णाचा कण मोहरीच्या शंभराव्या हिश्श्याएवढा. तो वस्तूला चिकटतो आणि शेजारच्या कणांची चाहूल घेतो. पहिले चाळीस दिवस कण काहीच करत नाहीत, फक्त पाहतात : कोणती वस्तू कुणाशेजारी जास्तीत जास्त वेळ असते. मग ती जागा पक्की होते. तिलाच ठाव म्हणायचं. त्यानंतर एखादी वस्तू हलवली आणि पाव तास तशीच राहू दिली, तर मुंग्या गुळाचा खडा नेतात तसे हजारो कण मिळून तिला ठावावर नेऊन ठेवतात. वजनाचं त्यांना काही वाटत नाही. वस्तूपाशी माणूस हलत असला तर मात्र ते गप्प राहतात.

चाळीस दिवस म्हटल्यावर आबा खूश झाले. तुषारच्या बायकोचं, मृणालचं, माहेर उरलेलं नव्हतं, बाळंतपण सासरीच होतं. सव्वा महिना कुणाचं फारसं येणंजाणं नाही, सगळं जिथल्या तिथे. शिकायला याहून बरा काळ कोणता? त्यांनी आपली आतली खोली बाळंतिणीला दिली आणि स्वतःची खाट गॅलरीत नेली. खोलीत खिडक्या बंद, शेगडी, अंगावर दुलया. गॅलरीत उकाडा, म्हणून सरकतं दार अर्धं उघडं. हिवाळ्याचे रग पिशवीत बांधून माळ्यावर. घराने हे सगळं मन लावून शिकून घेतलं.

कार्तिक संपता संपता गारठा पडला. आबांनी खाट हॉलमध्ये आणली. सकाळी उठले तर खाटेसकट गॅलरीत. पहिल्या दिवशी सगळे हसले, आबाही हसले. मग त्यांनी दार लावून त्याला वीट टेकवली. वीट कुंडीखाली परत गेली आणि दार अर्धं उघडलं. माळ्यावरचा रग घेतला. डोळा लागून पाव तास झाला की रग अंगावरून उतरून भिंतीने वर चढे आणि घडी होऊन पिशवीत शिरे. तुषारने नवा आणला, त्यालाही कण चिकटले आणि तोही पहिल्या रगांशेजारी जाऊन बसला. चटई टाकून झोपले तर चटईचा ठाव गॅलरीच्या दारामागे, ती त्यांना घेऊन निघाली. सोफ्यावर दोन दिवस गुडघे मुडपून काढले, तिसऱ्या दिवशी त्यांना उठताच येईना. अंगातला स्वेटर तेवढा जागचा हलत नसे.

चूर्ण बनवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या डॉ. शाल्मली वर्तक घर पाहायला आल्या. त्यांनी सगळं तपासलं आणि चूर्णात काही बिघाड नाही असं सांगितलं. आबांनी विचारलं, एका खाटेचा ठाव तेवढा बदलता येणार नाही का?

"नाही, आजोबा. कणाला घर माहीत नसतं, फक्त शेजारी माहीत असतो. खाट दारावरून आपली जागा ओळखते, दार कुंडीवरून. एकाला हलवलं की सगळ्यांचा शेजार चुकतो."

"मग सगळंच मोडा."

"मोडता येईल. घर रसायनाने धुवायचं आणि पुन्हा चाळीस दिवस शिकवायचं. पण या वेळी ते थंडीत शिकेल."

"उन्हाळ्यात उकडून मरेन," आबा म्हणाले. "ते परवडलं."

मृणाल लेकीला, ईराला, मांडीवर घेऊन बसली होती. तिची रजा संपत आली होती. "चाळीस दिवस घर कोण आवरणार, आबा?" तिने शांतपणे विचारलं. "कपबशी कधी उचललीत तुम्ही? आणि ईराची खोली आज कुणी न बघता उबदार राहते. ती पुन्हा तशीच राहील याची हमी कोण देणार?"

मग सगळे तुषारकडे बघू लागले. त्याने स्वच्छ घराकडे पाहिलं. टॉवेल दांडीवर होता.

"ईराचं बोरन्हाण होऊ दे," तो म्हणाला. "मग धुऊ."

"म्हणजे थंडी संपल्यावर," आबा म्हणाले.

त्यानंतर ते तुकड्यातुकड्यांनी झोपू लागले. रग जाऊ नये म्हणून झोपेतही हात हलवत ठेवायला शिकले. आतल्या खोलीत पडल्या पडल्या तुषारला रग भिंतीवर चढताना सरसर ऐकू येई, मग आबांचं उठणं, स्टुलाचं करकरणं. तो आपली दुलई कानापर्यंत ओढून घेई. दुलई जागची हलत नसे.

संक्रांतीच्या दिवशी बोरन्हाण झालं. हलव्याचे दागिने घातलेल्या ईराच्या डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे ओतले, पोरांनी दंगा केला. पाव तासात इकडे तिकडे पडलेल्या वाट्या, ताटल्या, खेळणी आपापल्या जागी गेली. बायकांनी मृणालचं कौतुक केलं, तान्हं मूल असून घर बघा कसं. आबा दोन स्वेटर घालून गॅलरीत बसले होते. पाहुणे गेल्यावर त्यांनी तुषारला हाक मारली.

"झालं बोरन्हाण. कधी धुतोस?"

रथसप्तमीला मृणालचं हळदीकुंकू आहे, तुषार म्हणाला, तेवढं उरकू दे.

आबांनी मान हलवली. "माझा गेटपास तयार आहे, तुषार. तुझी सही तेवढी राहिलीय." मग त्यांनी सुतळी मागितली. रग कमरेला बांधून बघतो म्हणाले.

सकाळी तुषार चहा घेऊन गेला. दार अर्धं उघडं होतं. सुतळी गाठ सोडून आपल्या खिळ्यावर जाऊन बसली होती. रग घडी होऊन माळ्यावर होता. आबांचा एक हात थोडा वर उचललेला होता, हलवता हलवता राहिलेला.

त्यांना हॉलमध्ये चटईवर ठेवलं. शेजारीपाजारी जमले, सगळे न हलता बसून राहिले. पाव तासाने चटई हलली. मग आबांना घेऊन ती सावकाश गॅलरीच्या दाराकडे निघाली. तुषार तिच्या टोकावर जाऊन बसला, पण तोही सुन्न, दगडासारखा. चटईने दोघांनाही ओढायला सुरुवात केली. लोक भिंतीला टेकले.

"हलत राहा," मृणाल हळूच म्हणाली.

तिरडी तयार होईपर्यंत बापाच्या उशाशी तुषार मांडी हलवत बसला, तेव्हा कुठे चटई थांबली.

निवृत्ती सखाराम बोरस्ते, वय अठ्ठ्याहत्तर, नातीच्या बोरन्हाणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, स्वतःच्या घराच्या गॅलरीत, थंडीने वारले.