दोन बोटांची भानगड

"ठरलं म्हणजे ठरलं! दवाखान्यातून थेट पोहायला!" भोपूने जाहीर केलं, आणि समोरच्या बाकावर पेंगणारे एक आजोबा दचकून उठून बसले.

"अगं, हळू! नाहीतर सगळा दवाखाना टॉवेल घेऊन आपल्या मागे येईल," वकील म्हणाला.

शेजारची भोपू कुजबुजली तरी चार घरं पलीकडे ऐकू जायचं, म्हणून ती भोपू. वकील हा लवंगीचा आतेभाऊ. सुट्टीला आला की उशी कुणाची इथपासून वादाला सुरुवात! लवंगीच्या धाकट्या भावाला सगळे शेपूट म्हणायचे, आणि का म्हणायचे ते सांगायला नकोच. राहिली लवंगी. वर्गात सगळ्यांत बुटकी, पण कुणी डिवचलं तर त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी काढेल अशी तिखट!

आज मात्र तिला नुसतं हसू फुटत होतं. मेंदूच्या खाली मटाराएवढी एक ग्रंथी असते. लवंगीच्या त्या ग्रंथीतून उंची वाढवणारं हार्मोन पुरेसं निघत नव्हतं. म्हणून ते रोज रात्री पेनासारख्या दिसणाऱ्या सुईने टोचून घ्यावं लागायचं. सुरुवातीला आई जवळ बसायची. मग एक दिवस लवंगीच म्हणाली, "आई, तू बाहेर थांब. टोचते मी, आणि 'आई गं' तू ओरडतेस!" तेव्हापासून गेले सहा महिने ती एकटीच, स्वतःच्या हाताने, मांडीत सुई घेत होती. एक रात्र चुकवली नव्हती. आणि आज होती मोजणी!

दवाखाना नुकताच रंगवून निघाला होता. दोन दिवस बंद राहून आज सकाळीच उघडला होता. व्हरांड्याच्या टोकाला रंगारीकाका शिडीवर चढून शेवटची भिंत उरकत होते. आत मोजणीच्या खोलीत उंचीची पट्टी भिंतीवर उंच ठोकलेली होती. तिची फळी खाली ओढून डोक्यावर टेकवली की वर पट्टीच्याच इवल्याशा खिडकीत आकडा दिसायचा.

"टाचा भिंतीला, नजर समोर," सिस्टर म्हणाल्या. फळी डोक्यावर टेकली. सिस्टरांनी आकडा सांगितला आणि डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"सहा महिन्यांत एवढंच? ही तर नखभरसुद्धा वाढ नाही!" त्या आईकडे वळल्या. "सुई रोज घेते ना ही?"

"घेते… म्हणजे, तिची तीच घेते. मी बाहेर असते," आई चाचरत म्हणाली. आणि तिने लवंगीकडे पाहिलं.

त्या पाहण्यात एक प्रश्न होता. सुई टोचताना कधी हूं की चूं न करणाऱ्या लवंगीला ते पाहणं मात्र कचकन टोचलं. आईला, तिच्या आईला, ती खोटारडी वाटत होती!

"रोज घेऊनही वाढ होत नसेल, तर उगीच टोचत राहण्यात अर्थ नाही. बंद करू आपण," डॉक्टरबाई म्हणाल्या. "बाकीचे पेशंट संपले की नीट बोलू. तोवर बाहेर बसा."

बाहेर येताच लवंगीचा बांध फुटला. आई पाणी आणायला गेली तशी चौकडी कोपऱ्यात जमली.

"खरं सांग," वकिलाने बोट रोखलं. "एखाद्या दिवशी टाळली असशील?"

"एकदाही नाही!"

"ताप होता तेव्हा?"

"तेव्हासुद्धा! शपथ!"

"मग विषय संपला. आमचं अशील खरं बोलतंय!"

"ताई वाढलीये," शेपूट गंभीरपणे म्हणालं. "पूर्वी कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्याला तिचा हात पुरायचा नाही. आता पुरतो. मला बिस्किटंच उरत नाहीत."

लवंगीने डोळे पुसले. खरंच की! आणि शाळेची पँटही घोट्याच्या वर गेली होती. कपाट काही खाली सरकत नाही आणि पँट काही आपोआप आटत नाही!

तेवढ्यात खोलीतून आणखी एक आई आणि तिचा मुलगा बाहेर आले. दोघांचे चेहरे पडलेले.

"सकाळपासून जो येतोय तो असाच, तोंड एवढंसं करून!" भोपू म्हणाली. "एकाचीही उंची वाढू नये? काहीतरी पाणी मुरतंय!"

"बघतोच!" वकील ताठ झाला. "शाळेतल्या तपासणीत माझी उंची बरोबर एकशे पन्नास भरली होती. सिस्टर, जरा माझी मोजता का? प्लीज!"

सिस्टरांनी कुरकुरत फळी ओढली. "एकशे सेहेचाळीस."

"काय? मी आखडलो?" वकील किंचाळला.

"शाळेत बूट घालून मोजली असेल. चला, पळा इथून!"

"मी अनवाणी होतो!" वकील ओरडत राहिला, पण दार बंद झालंसुद्धा. लवंगीचे डोळे मात्र चमकले. "सगळी मुलं एकदम आखडत नसतात. आखडलीये ती पट्टी! आणि रंगकामासाठी ती काढून परत लावली कुणी?"

चौघांच्या माना एकदमच शिडीकडे वळल्या.

"काका, पट्टी चुकीच्या जागी लावलीत का?" भोपूने विचारलं ते थेट गर्जून.

"ए पोरी! होती तिथेच लावलीये! माझ्या कामात चूक काढतेस?" काका उखडले.

लवंगीने भोपूला चिमटा काढला आणि स्वतः पुढे झाली. कुठे गूळ लावायचा ते तिला पक्कं ठाऊक होतं. "नाही हो काका, ती काय म्हणत होती, पट्टी किती घट्ट बसलीये! सगळे नुसते ओढतात, पण जरासुद्धा हलत नाही. इतकं पक्कं जमवलंत तरी कसं?"

काकांची छाती फुगली. "अगं, त्याला अक्कल लागते! जुन्या भोकात स्क्रू नुसता फिरत होता. दुसरा असता तर तसाच लटकावून गेला असता. मी दोन बोटं वर नवीन भोक पाडलं! आता हत्ती लोंबकळला तरी पडायची नाही!"

"दोन बोटं वर!" चौघंही एकदम ओरडले आणि धूम पळाले. काकांचा ब्रश हवेतच राहिला.

सिस्टर औषधांच्या खोलीत गेल्या होत्या. चौघं मोजणीच्या खोलीत घुसले.

"पण काका कबूल थोडेच होणार?" वकील म्हणाला. "पुरावा हवा!"

लवंगी पट्टीकडे पाहत राहिली. मग एकदम म्हणाली, "वकील, जमिनीची उंची किती?"

"जमिनीची? शून्य! हा काय प्रश्न झाला?"

"मग जमीनच मोजू या!"

तिने फळी खाली ओढली. गुडघ्याशी आली, घोट्याशी आली… आणि थांबली. वरच्या खिडकीत चक्क शून्य आलं होतं, आणि फळी अजून जमिनीच्या वर अधांतरी!

"भोपू," लवंगी म्हणाली, "आता ओरड! जेवढं जमेल तेवढं!"

"डॉऽऽऽक्टर!"

डॉक्टरबाई धावत आल्या, सिस्टर आल्या, आई आली, हातात ब्रश घेऊन काकाही आले. बाकावरचे आजोबाही आले.

"तुमच्या पट्टीच्या मते जमीन इथे आहे," लवंगी म्हणाली. फळी तिने घट्ट धरून ठेवली होती. "बघा ना!"

डॉक्टरबाई खाली वाकल्या. फळी आणि फरशी यांच्यामधल्या फटीत त्यांची दोन बोटं अलगद गेली. रंगारीकाका पुटपुटले, "दोन बोटांनी काय एवढं बिघडतं?"

"मुलांचे सहा महिने बिघडतात!" लवंगी उसळली. काकांनी मान खाली घातली.

"आणि पट्टी परत लावल्यावर तपासून बघणं माझं काम होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी तपासलं नाही आणि शंका घेतली तुझ्यावर. चुकलं माझं, बाळ. सिस्टर, सकाळपासून आलेल्या सगळ्यांना फोन करा. उद्या सगळ्यांची परत मोजणी!"

काकांनी निमूटपणे पट्टी दोन बोटं खाली आणली. फळी जमिनीला नीट टेकल्याची खात्री लवंगीनेच करून घेतली. मग ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. टाचा भिंतीला, नजर समोर.

सिस्टरांनी आकडा वाचला. डॉक्टरबाईंनी हिशेब केला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "दोन बोटं आणि वर थोडं! शाब्बास! औषध मस्त लागू पडलंय. सुई चालू!"

"सुई चालू! सुई चालू!" लवंगी नाचायलाच लागली.

"सुई चालू म्हटल्यावर नाचणारी मुलगी आज पहिल्यांदाच बघतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि उद्यापासून इथे रोज सकाळी आधी जमीन मोजायची, मग मुलं. ही लवंगीबाईंची शिकवण!"

आईने लवंगीला जवळ ओढलं. तिचे डोळे भरले होते. "मघाशी मी तुझ्याकडे तसं बघायला नको होतं गं."

"बघितलंस ना? मग आता नीट बघ," लवंगी म्हणाली. "केवढी झालेय मी!"

आईने खरंच पाहिलं. एकट्याने सुई टोचून घेणारी, खरं ते सगळ्यांसमोर सिद्ध करणारी आपली लेक तिने वरपासून खालपर्यंत पाहिली. "अगं, आज मला स्वर्ग दोन बोटं उरलाय!"

शेपटाने वर छताकडे पाहिलं, मग रंगारीकाकांकडे पाहिलं आणि अगदी काळजीने विचारलं, "का? तोपण काकांनीच ठोकलाय?"