ग्विनेथचं गार बोट

हे खरं आहे. पटत नसेल तर पुढे वाचू नका, माझं काही अडत नाही.

नोव्हेंबरची संध्याकाळ. कार्डिफमधलं इस्पितळ. पाच वाजायच्या आतच बाहेर काळोख.

मला त्वचेचा लिम्फोमा आहे. कातडीत लपून बसणारा कॅन्सर. कित्येक वर्षं डॉक्टर त्याला इसब समजून मलमं चोपडत होते. शहाणे कुठले! ओळखला तो इथल्या खास क्लिनिकने. इथला उपचार म्हणजे डोळ्यांवर काळा चष्मा लावून अतिनील दिव्यांच्या कपाटात नागडं उभं राहायचं.

आमची नर्स होती ग्विनेथ. दार लावण्याआधी, जिथे उजेड पोचणार नाही तिथे ती बोट टेकवायची. बर्फासारखं गार बोट.

"अगं नेरिस, हात वर कर. काखेसाठी मुहूर्त काढू का?"

त्याच वर्षी, आधीच्या वसंतात ग्विनेथ वारली.

तिच्या जागी कुणीच आलं नाही. मॅनेजर प्रिचर्ड म्हणाला, "दिवे यंत्र लावतं, मिसेस मॉर्गन. बोट टेकवायला पगारी माणूस कशाला?"

टाय रोज नवा. डोकं तेच, रिकामं.

तर त्या संध्याकाळी मी कपाटात एकटी. दिवे घूं घूं करत होते. पंखा फिरत होता.

मग पंख्याचा आवाज थांबला...

आणि डाव्या काखेत... गार बोट.

मी सवयीने हात वर केला. मग अंगावर काटा आला. दार बंद होतं. आत दुसरं माणूस मावतच नाही.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंना नेमकी तिथेच गाठ सापडली. बारीकशी. "वेळेवर सापडली हो," त्या म्हणाल्या.

मी प्रिचर्डला सांगितलं. तो खो खो हसला.

"म्हणजे भूत फुकट काम करतंय? उत्तमच की!"

मला खोटं पाडायला तो सुटाबुटात कपाटात शिरला. दार ओढून घेतलं. दिवे बंदच होते.

आत शांतता...

मग दार धाडकन उघडलं. चेहरा पांढराफटक. हात मानेवर, मागच्या बाजूला.

"आत पाणी गळतंय का कुठे?"

"गार लागलं?" मी विचारलं.

"वारा असेल."

"मान डॉक्टरांना दाखवा, मिस्टर प्रिचर्ड."

"मी पेशंट नाही, बाई."

असला आडमुठा माणूस मला डोळ्यांसमोरही नको असतो. तरी भेटेल तेव्हा सांगते. त्याला वाटतं, म्हातारी बरळते.

परवा तो कॉरिडॉरमध्ये दिसला. टाय नव्हता. मफलर होता.

आणि मफलरमध्ये बोटं घालून तो मान... खाजवत होता.

"दाखवा हो," मी पुन्हा म्हटलं.

तो हसला आणि निघून गेला.

या मूर्खासाठी मला रात्र रात्र झोप लागत नाही, आणि त्याचाच मला संताप येतो.