गप्प झालेला हात

अंबुबाई मेली ती स्वतःच्या पलंगावर, तोंडावर उशी दाबून. आणि मोशीच्या चौकात तिच्या लेकाचा फ्लेक्स झळकत होता : 'आईला किडनी देणाऱ्या मातृभक्त भीमराजभाऊंचे हार्दिक अभिनंदन!' ऑपरेशन अजून व्हायचंच होतं. पण निवडणुकीच्या दिवसांत फ्लेक्सला कुठला आलाय धीर?

उपनिरीक्षक सायली गव्हाणेनं खोली पाहिली. कडी शाबूत, कपाट बंद. काम घरातल्याच माणसाचं होतं.

आणि घरात माणसं दोनच. लेक भीमराज, आणि म्हातारीला सांभाळायला ठेवलेली रुपाली, बीडकडची. रुपाली आदल्या दिवशी दुपारी औषधं आणायला निगडीला गेली होती. संध्याकाळी ती परतली तेव्हा भीमराज बाहेर पडत होता. मावशींना झोप लागली असेल म्हणून तिनं हाक मारली नाही. रात्री जेवायला उठवायला गेली, तर अंग गार पडलेलं.

"तुम्ही निघालात तेव्हा आई जिवंत होती?" सायलीनं भीमराजला विचारलं.

"व्हय मॅडम. झोपली व्हती. रोजच्यासारखा हातावर हात ठिवला, थरथर लागली, मगच भाईर पडलो."

"कोणत्या हातावर?"

"डाव्या. डायलिसिसची शीर तिथंच हाय."

"नक्की?"

"आईची शप्पथ!"

आई मेलेली आणि हा तिचीच शपथ घेतोय.

मग उरली रुपाली. अंगणात भावकीचा एकच कालवा : "परकी बाई घरात घेतली, भोगा आता!"

"मॅडम, मी काय बी केलं नाही," रुपाली रडत म्हणाली. "माझी पिंकी लहान हाय, गावाकडं. मी आत गेले तर तिला कोण हाय?"

"काल दिवसभरात वेगळं काही घडलं?"

रुपाली घुटमळली. "सकाळी मावशींना डायलिसिसच्या सेंटरवर नेलं होतं. तिथल्या सुमनताईंना विचारा. मावशींनी मला शपथ घातलीय."

सुमनताई तिथली जुनी नर्स. सायलीनं आधी थरथरीचंच विचारलं.

"अहो, शीर म्हणजे मऊ नळी," सुमनताई म्हणाल्या. "डायलिसिससाठी तिला धमनी जोडतात. मग रक्त धाडकन आत शिरतं. कडक नळीत ते कदाचित सरळ गेलं असतं. पण इथं भिंतच मऊ. ती रक्ताबरोबर हलते, त्यानं प्रवाह आणखी बिघडतो, आत भोवरे उठतात. म्हणून हाताला थरथर लागते, कानाला गुणगुण ऐकू येते. रक्त गोठलं की मात्र सगळं गप्प."

सायलीनं आणखी एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकून ती तडक मोशीला आली.

"भीमराज, तुमच्या आईचा डावा हात काल सकाळीच गप्प झाला होता. शिरेत गुठळी झाली होती. सुमनताईंनी स्वतः ऐकून खात्री केली, आज शीर मोकळी करायचं ठरलं होतं. पोस्टमार्टेमलाही तीच गुठळी सापडली. मग संध्याकाळी तुम्हाला थरथर कुठली लागली?"

भीमराजचं तोंड उतरलं. "चुकलं असंल..."

"चुकलं नाही. रुपालीवर ढकलायचं, तर आपल्यामागं आई जिवंत होती असं दाखवायला हवं. थरथर आठवली, ठोकून दिली. रोज हात लावत असता, तर काल सकाळीच कळलं असतं."

"अवो, मी कशाला मारीन? मी तर किडनी देणार व्हतो!"

"म्हणूनच मारलंत. द्यायची नव्हती."

भीमराज मान खाली घालून बसला.

"लई भ्या वाटायचं. पोट फाडणार म्हणल्यावं झोप लागंना. पर चौकात फ्लेक्स लागलेलं. न्हाई म्हणलो असतो तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं." त्यानं डोकं वर केलं. "पर हात बंद पडल्याचं आईनं मला का न्हाई सांगितलं?"

दाराशी उभ्या रुपालीनं पदरानं डोळे पुसले. आता शपथ पाळून काय उपयोग?

"मावशी म्हणल्या, भीमाला सांगू नगं, पोर आधीच भ्यालंय. उद्या डॉक्टरला मीच सांगती, मला त्याची किडनी न्हाई घ्यायची."