उजेड कामावर

सगळं झालं ते दोन वायसरांपायी. मधे भोक असलेल्या तांब्याच्या चकत्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या. तेवढ्यासाठी चष्मेवाल्यानं त्या दिवशी गावातली स्पेअर पार्टची सगळी दुकानं पालथी घातली आणि हात हलवत परत आला.

"या गाडीचे वायसर?" शेवटचा दुकानदार जुना नमुना बोटांत फिरवत म्हणाला होता. "अहो, ही गाडी बनवणारे तरी जिवंत आहेत का?"

चष्मेवाला म्हणजे या घरचा जावई. त्याचं चष्म्याचं दुकान, म्हणून सासऱ्यांनी लग्नातच हे नाव पाडलं आणि ते जन्माचं चिकटलं. सासरे गेल्या वर्षी गेले. मागे राहिल्या सासूबाई, आणि घराखालच्या गॅरेजात सासऱ्यांची म्हातारी गाडी. सासूबाई तिला सवत म्हणायच्या. "माझे झाले नसतील एवढे लाड तिचे झालेत," असं म्हणायच्या, पण तिच्यावर धूळ दिसली की पदर खोचून पुसायलाही त्याच जायच्या.

आता त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सवतीतून घाट उतरायचा होता. घाटाखाली त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली, आज आहे तर उद्या नाही. "जाईन तर यांच्याच गाडीनं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या एकदा म्हणाल्या की विषय संपला. गाडीच्या पुढच्या चाकापाशी मात्र त्या वायसरांतून ब्रेकचं तेल ठिबकत होतं, आणि ब्रेकवर पाय ठेवला की तो चिखलात रुतावा तसा खाली जायचा. अशा गाडीनं घाट उतरायचा म्हणजे... नकोच तो विचार.

"टॅक्सी करा म्हणतेय सकाळपासून, पण माझं ऐकतंय कोण!" बायको म्हणाली आणि फणकाऱ्यानं वर निघून गेली.

उरला एकच उपाय, सासऱ्यांचा. जुनेच वायसर तापवून पुन्हा वापरायचे. "तांबं वर्षानुवर्षं दाबाखाली राहिलं की कडक होतं, हट्टाला पेटतं," सासरे म्हणायचे. "त्याला एकदा लालबुंद होऊ द्यावं, मग पाण्यात सोडावं. मऊ पडतं बिचारं." हे बोलताना ते हमखास सासूबाईंकडे बघायचे आणि सासूबाई हमखास दुसरीकडे.

चष्मेवाल्यानं हे सगळं पाहिलं होतं, केलं कधीच नव्हतं. सासऱ्यांनी त्याच्या हातात पाना म्हणून दिला नाही. त्याचं काम टॉर्च धरायचं, आणि तेही त्याला धड जमायचं नाही.

"चष्मेवाले, उजेड कामावर! माझ्या डोळ्यांचा नंबर काढताय का?"

काम मनासारखं झालं की सासरे सासूबाईंच्या लाल नेलपॉलिशची एक बारीक रेघ बोल्टवर ओढायचे. हे मी केलंय, हे सुटणार नाही, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या कुणाच्या कामावर त्यांनी ती रेघ कधी ओढली नाही.

दिवेलागणीला चष्मेवाला गॅरेजात उतरला. चाक काढलं. ब्रेकची नळी जिथे चाकापाशी जोडलेली असते तिथला पोकळ बोल्ट काढला. त्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक, असे दोन वायसर. कोपऱ्यातल्या छोट्या स्टोव्हवर ते लाल केले, पाण्यात सोडले. चर्र... चर्र... वाटलं, जमलं की! पहिला वायसर बोल्टवर चढवला, दुसरा तळहातावर घेतला, आणि दिवे गेले.

गॅरेजला खिडकी नाही. अंधार असा, की स्वतःचा हात दिसेना. तेलाचा वास, गार फरशी, कुठेतरी पाण्याचा थेंब. आणि त्यातच जिन्यावर पावलं वाजली. सावकाश. मग त्याच्या खांद्यावरून टॉर्चचा उजेड आला आणि थेट बोल्टवर स्थिरावला.

"आलीस? बरं झालं," चष्मेवाला मागे न बघताच म्हणाला. "नीट धर हं."

उत्तर आलं नाही. अजून राग आहे वाटतं, असं म्हणून तो गालात हसला. पण उजेड काय धरला होता! जरा म्हणून हलत नव्हता. तो दुसरा वायसर चढवायला गेला, तर उजेड बोल्टवरून निघाला आणि त्याच्या तळहातावर आला.

"अगं, इकडे नको. बोल्टवर धर."

उजेड हलेना.

"अगं..."

शेवटी त्यानं वायसर डोळ्यांजवळ नेला. केसाएवढी चीर होती त्याला, आरपार. दिवसभर लोकांच्या भिंगांवरचे ओरखडे शोधणारा माणूस, आणि हे दिसलं नाही! घाटातल्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर हा फुटला असता. मागच्या सीटवर सासूबाई असत्या.

"वाचवलंस गं," तो पुटपुटला.

आता दुसरा आणायचा कुठून? उजेड फळीकडे सरकला, एका गंजक्या डब्यावर थांबला. डब्यात तांब्याच्या पत्र्याचा तुकडा होता, जाडीला अगदी जुन्या वायसरएवढा. त्यानं पंचानं भोक पाडलं, कात्रीनं गोल कापला, कडा कानशीनं घासल्या, तापवला, विझवला, काचेवर पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजूंनी सपाट केला. हात जिथे जाईल तिथे उजेड आधीच हजर. आणि हळूहळू गॅरेजात निलगिरीच्या तेलाचा वास भरला. सासरे गुडघ्यांना चोळायचे ते तेल... भिंतीत मुरलं असेल, त्यानं मनाशी म्हटलं.

बोल्ट आवळला. नवीन तेल भरलं. आता नळीतली हवा काढायची, आणि त्याला दोघं लागतात. एकानं आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं चाकापाशी हवा सोडायची.

"जा, आत बस. मी सांगेन तसं कर."

गाडीचं दार उघडलं. सीटची स्प्रिंग करकरली.

"दाब."

ब्रेक दाबला गेला. बुडबुडे आले.

"सोड. दाब... सोड... दाब..."

शेवटी नुसतं स्वच्छ तेल आलं. त्यानं कपाळाचा घाम पुसला आणि बोल्टकडे पाहिलं. कोरडाठाक, लख्ख उजेडात.

लख्ख उजेडात...

ती आत बसून ब्रेक दाबतेय. मग खांद्यावरून उजेड कोण धरतंय?

तेवढ्यात वरून, जिन्याच्या टोकावरून बायकोची हाक आली. "अरे, अंधारात काय करतोयस एवढा वेळ? मी आणि आई मेणबत्त्याच शोधतोय मघापासून!"

चष्मेवाला जागच्या जागी गोठला. मान वळेना. मानेवर कुणाचातरी संथ श्वास जाणवत होता, आणि निलगिरीचा वास. ओरडावं असं त्याला वाटलं, पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"बाबा... बरोबर झालंय ना?"

 उजेड क्षणभर बोल्टवर रेंगाळला. मग विझला.

सकाळी त्यानं ब्रेकवर पाय ठेवला. दगडासारखा घट्ट. तरी चाक चढवण्याआधी एकदा बघावं म्हणून तो खाली वाकला, आणि वाकलेलाच राहिला. बोल्टवर लाल रेघ होती. बारीक, सरळ.

सासूबाई पिशवी घेऊन आल्या. त्याच्या खांद्याला धरून खाली वाकल्या, रेघ बघितली, बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले.

"पास झालात हो चष्मेवाले," त्या म्हणाल्या. "जन्मात कुणाला पास केलं नव्हतं त्यांनी."

"आई... तुमची ती नेलपॉलिशची बाटली कुठे असते?"

"आता कुठली असायला घरात?" सासूबाईंनी हळूच रेघेला बोट लावलं. "त्यांना शेवटचं नेलं त्या दिवशी मीच सदऱ्याच्या खिशात घालून दिली होती. म्हटलं, तिकडे लागेल त्यांना."

त्यांनी बोट वर केलं. टोकाला लाल लागलं होतं, अजून ओलं.