कॅप्टनची गाय

लोहार योस्टची बायको मार्गारेटा दारात आली, तेव्हा एनॉक नाक मुरडत अळणी सूप पीत होता. युद्धामुळे जमिनी मोजायचं काम थांबल्यापासून म्हातारा लोकांच्या भानगडी मोजत असे.

"संध्याकाळी ह्यांना फाशी देणार आहेत, एनॉककाका. ह्यांनी जन्मात माणसावर बंदूक उचलली नाही हो."

नेमकं तेच गावाला खुपत होतं. गाव राजाविरुद्ध लढत होतं. योस्टच्या धर्मात लढाई बसत नव्हती, म्हणून त्यानं राजाविरुद्धची शपथ घेतली नाही आणि गावच्या तुकडीचा कॅप्टन व्हेन्स ह्याच्याशी त्याचं वाजलं. काल व्हेन्सची गाय जंगलातून परतली नाही. तिच्या घंटेच्या आवाजामागे तो गेला आणि गोळी लागून मेला. गाय तिथंच झाडाला बांधलेली सापडली.

एनॉक चौकशीला निघाला. "योस्टनं राजाच्या माणसांना बोलावलं असणार," व्हेन्सच्या हाताखालचा सार्जंट गिडियन म्हणाला. गाय सोडवताना तिनं लाथ मारलेली मांडी तो अजून चोळत होता. व्हेन्सशिवाय ती कुणाला जवळ येऊ देत नसे.

"राजाची ती भुकेली माणसं गाय न नेता बांधून ठेवून जातात होय रे?" एनॉकनं विचारलं.

खानावळवाल्या थँकफुलबाईंनी सांगितलं की, कॅप्टन आज सगळ्यांची तळघरं उघडणार होता. कशासाठी, ते बोलला नाही. गावाचा कारभार पाहणाऱ्या समितीचा प्रमुख क्रॉली म्हणाला, आपण त्या गाईला कधी हातही लावलेला नाही. वसंतात आपण गावासाठी आणत असलेली मिठाची नाव शत्रूनं लुटली, तीही योस्टसारख्यांमुळेच, असं त्यानं वर ऐकवलं.

संध्याकाळी ओकच्या झाडाखाली दोर लटकला. एनॉक गिडियनकरवी गाय घेऊन आला. योस्टवर तिनं शिंगं रोखली. थँकफुलबाई मागं सरल्या. क्रॉलीजवळ मात्र ती आपणहून गेली आणि त्याच्या कोटाचा खिसा चाटू लागली.

"रानात चरणारी गाय एकाच गोष्टीला वश होते, मिठाला," एनॉक म्हणाला. "सगळं गाव अळणी खातंय, मग ह्या खिशात मीठ कुठून आलं? नाव लुटलीच नव्हती. व्हेन्स आज ह्याचं तळघर उघडणार होता, म्हणून ह्यानं काल गाय रानात बांधून त्याला तिच्या घंटेमागे बोलावून घेतलं आणि गोळी घातली. खाल्ल्या मिठाला जागली बिचारी."

क्रॉलीच्या तळघरात पोती निघाली.

गिडियननं योस्टचे हात सोडले. फाशीच्या दोराची गाठ त्यानंच मारली होती, आणि मारताना त्याला जराही शंका आली नव्हती. त्याला मान वर करवेना.

रात्री आपल्या घरी मार्गारेटानं गिडियनसमोर सूप ठेवलं, चिमूटभर मीठ घातलेलं.

"खा," योस्ट म्हणाला. "उद्या तुझ्या घोड्याला नाल ठोकायचाय ना?"