झांजेला सावकाश ऐकू येतं

मिरजेच्या कर्णविज्ञान संस्थेत झांज नावाची मांजर दत्तक घरून तिसऱ्यांदा परत आली. तिच्यासोबत तिची वाटी, तिची उशी आणि उशीला बांधलेला काळा दोराही परत आला.

"हे काय?" तन्मय खिद्रापुरेने दोरा उचलून विचारलं. तो संस्थेचा यंत्रज्ञ होता.

"बाधा उतरवलीय तिची," डॉ. रेवती आळतेकर म्हणाली. ती प्राणिविभागाची शल्यचिकित्सक. "दिवाळीत फटाके वाजले तेव्हा बाईसाहेब खिडकीत बसून अंग चाटत होत्या. आणि दिवाळी उलटून गेल्यावर, एका शांत सकाळी, किंचाळून कपाटाखाली. दोन दिवस बाहेर आली नाही. रोज चार वाजता उठून रिकाम्या खुर्चीकडे बघते. घरच्यांनी भटजी बोलावून शांत केली, पण मांजर शांत झाली नाही."

"तू त्यांना सांगितलं नव्हतंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, बाधा झालेल्या प्रत्येकाकडे काहीतरी शास्त्रीय कारण असतंच."

झांज ह्या संस्थेच्या आवारात सापडली तेव्हा जन्मतः ठार बहिरी होती. रेवतीने तिच्या कानामागे 'श्रवणसेतू' बसवला. मिरीच्या दाण्याएवढी ही चकती बाहेरचा आवाज पकडते, त्यातला गोंगाट गाळते आणि उरलेला आवाज मेंदूकडे जाणाऱ्या नसेला देते. गाळायला थोडा वेळ लागतो, म्हणून चकतीत एक 'विलंबक' असतो. आवाज किती उशिराने पुढे सोडायचा हे त्याला आकड्यात सांगावं लागतं. तन्मयने आकडा लिहिला: एक. एक काय, ते लिहायचं राहिलं. चकतीतलं घड्याळ संस्थेने काटकसर म्हणून आयतं विकत आणलं होतं. ते मूळचं मिक्सरची गॅरंटी मोजण्यासाठी बनवलेलं असल्यामुळे त्याला फक्त वर्ष कळत होतं.

शस्त्रक्रियेनंतर तन्मय झांजेसमोर बसून "ऐकू येतंय का गं?" असं घसा बसेपर्यंत विचारत राहिला. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. प्रयोग फसला म्हणून सगळ्यांनी एकमेकांचं सांत्वन केलं. पुढच्या वर्षी त्याच तारखेला झांजेने अचानक मान वळवली आणि समोर कोणी नसताना म्याव केलं.

चकती आता काढता येत नव्हती. नस तिच्याभोवती वाढली होती. झांज डोळ्यांनी आणि नाकाने ह्या वर्षात राहायची आणि कानांनी गेल्या वर्षात.

"महिनाअखेर विभाग बंद होतोय," रेवती म्हणाली. "घर मिळालं नाही, तर तिला शहराबाहेरच्या निवाऱ्यात पाठवावं लागेल. तिथे चारशे कुत्री आहेत."

"म्हणजे पुढे एखादं शांत घर मिळालं तरी..."

"त्या शांत घरात चारशे कुत्री भुंकणार. फक्त तिलाच."

एवढ्यात दार वाजलं. दारात कुमुदिनी हेरवाडकर उभ्या होत्या. त्यांचे यजमान, हेरवाडकर सर, हा विभाग चालवत. मागच्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. काकू त्यांच्याजवळ राहिलेली विभागाची किल्ली परत द्यायला आल्या होत्या. वर्षश्राद्ध कालच झालं होतं, म्हणून डब्यात थोडे लाडूही होते.

झांज काकूंच्या पायाशी घोटाळली.

"हट्!" काकू दणकून ओरडल्या. "मला मांजर मुळीच आवडत नाही हं, आधीच सांगते."

झांज लाडिकपणे त्यांच्या साडीला अंग घासत राहिली.

"तिला ऐकू गेलं नाही, काकू," तन्मय म्हणाला. "पुढच्या वर्षी जाईल."

काकूंनी त्याच्याकडे जरा काळजीने पाहिलं. मग त्याने त्यांना सगळं समजावलं. काकूंनी मध्ये एकदाच विचारलं, "आणि ह्या चुकीनंतर तुला पगारवाढ मिळाली?" तन्मय म्हणाला, "मिळाली. सर म्हणाले, इतकी टिकाऊ चूक पहिल्यांदाच पाहिली."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. झांजेचे कान ताठ झाले. काकूंना सोडून ती टेबलाजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी गेली, उडी मारून वर बसली आणि तिने जीभ ओठांवरून फिरवली.

"सरांची खुर्ची," रेवती हळूच म्हणाली. "चार वाजता चहा यायचा. बशीत तिला दूध."

काकू हातातला डबा तसाच धरून उभ्या राहिल्या. "म्हणजे ही आत्ता... ह्यांचं ऐकतेय?"

"हो."

"काय बोलतायत?"

"ते आपल्याला नाही कळणार. चकतीत साठतो तो आवाज नसतो, तिच्या नसेला कळणारी खूण असते. ती फक्त तिलाच वाचता येते."

इतक्यात झांजेचे दोन्ही कान फटकन मागे गेले. मग पुढे आले. मग पुन्हा मागे. एकदा, दोनदा, ओळीने सात वेळा. सातव्यांदा ती खुर्चीवरून जवळजवळ पडलीच.

काकूंचे डोळे बारीक झाले. "ह्या शिंका आहेत."

रेवतीने तन्मयकडे पाहिलं.

"ओळीने सात. तपकिरीच्या. मला तर सांगितलं होतं, डॉक्टरांनी बजावलंय, सोडली म्हणून! तपकीर कोण आणून द्यायचं ह्यांना?"

तन्मय छताकडे बघू लागला. मग त्याने मुकाट्याने खण उघडून आतली पितळी डबी काकूंच्या हातावर ठेवली. काकूंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि त्या हसायला लागल्या. खळखळून, मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "वर्षश्राद्ध झालं," त्या मध्येच म्हणाल्या, "आणि आज पकडले गेले!"

हसू ओसरल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले. "मांजर तिथी बघते की तारीख?"

"तारीख. इंग्रजी वर्ष," तन्मय म्हणाला.

"म्हणजे तिथीने गेले, पण तारखेने अजून दहा दिवस आहेत." काकूंनी झांजेची टोपली उचलली. "मी नेते हिला."

रेवती आडवी आली. "काकू, रागावू नका. तुम्ही तिला ह्या दहा दिवसांसाठी नेताय. अकराव्या दिवशी काय? त्यानंतर वर्षभर तिला तुमचा शब्दही ऐकू येणार नाही. तुम्ही हाक माराल, ती येणार नाही. लोक कंटाळतात. चौथ्यांदा ती परत आलेली मला बघवणार नाही."

"अगं, मी ह्यांच्याबरोबर बेचाळीस वर्षं काढली," काकू म्हणाल्या. "सोमवारी सांगितलेलं पुढच्या पावसाळ्यात कानावर जायचं. घराच्या रंगाचं बोलले, ते खोली पाडायच्या वेळी ऐकू गेलं. ह्या कामाची मला सवय आहे."

इतका अनुभव आधीच्या तिन्ही घरांकडे नव्हता. रेवती बाजूला झाली.

ते दहा दिवस काकूंनी चारच्या चहाला दोन कप मांडले. झांज बैठकीच्या खोलीतल्या आरामखुर्चीवर बसायची, काकू समोर. तिचे डोळे मिटले की काकू ओळखायच्या: गुणगुणतायत. कान एका बाजूला कलले की: फोनवर कोणाला तरी झापतायत. शिंका आल्या की म्हणायच्या, "घ्या अजून!"

दहाव्या दिवशी शिंका झाल्या. पाच वाजता झांज खुर्चीवरून उतरली, दारापर्यंत गेली आणि बंद दाराकडे बघत बसली. काकूही तिच्याशेजारी, जमिनीवर, बसल्या. दिवा लावायची वेळ झाली तरी दोघी उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चार वाजता झांज खुर्चीवर चढली. कान हलले नाहीत. तिने काकूंकडे पाहिलं. काकूंनी पितळी डबी उघडली, चिमूट नाकात घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा तपकिरीने शिंकल्या. सात जमल्या नाहीत, चार झाल्या. झांज निर्विकार.

"आत्ता नाही गं," काकू नाक पुसत म्हणाल्या. "पुढच्या वर्षीची तरतूद आहे ही."

मग रोज चारला काकू शिंकल्या, गुणगुणल्या आणि न येणाऱ्या मांजरीला हाका मारल्या. वर्षभर झांज तिच्या कानांतल्या घरांमध्ये फिरत होती. आधी सुतकी प्रयोगशाळा, मग एकेक परकं घर. एका दुपारी ती सहा तास कान पाडून कोपऱ्यात बसली. काकूंनी तन्मयला फोन केला, तेव्हा कळलं की ती शांत चालू होती. भटजींचा आवाज मोठा होता. काकू तेवढा वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हात त्याच वर्षी पोहोचायचा.

वर्ष पुरं झालं त्या दिवशी तन्मय मुद्दाम काकूंकडे गेला. काकूंना खोकला जडला होता, पण त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती. झांज त्यांच्या मांडीवर गाढ झोपली होती.

चारला थोडा वेळ असताना ती दचकून उठली. तिने घाबऱ्या डोळ्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि नखं रोवत, थेट कपाटाखाली धाव घेतली.

"काय झालं तिला?" तन्मय उठला. "काकू, ओढून काढू का?"

"बस खाली. मी 'हट्' म्हणाले होते ना." काकूंनी शांतपणे चहा कपांत ओतला, थोडं दूध बशीत, आणि बशी कपाटाजवळ सरकवली. "थोडा दम धर. आता मी हसणार आहे."